थीम क्रूझची बॅग : सोंग किती, ओझं किती?

या महिन्यात क्रूझबद्दलची पत्रं बरीच आली. विषय जवळजवळ एकच: जहाजावर पायरेट नाइट आहे, रेट्रो नाइट आहे, व्हाइट पार्टी आहे, मग बॅगेत काय भरायचं? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. ज्यांची पत्रं राहिली त्यांचंही शंकानिरसन बहुधा यातच होईल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो. मुलांच्या सुट्टीत फ्लोरिडाच्या पोर्ट कॅनाव्हरलहून डिस्नीच्या जहाजावर ७ रात्री जाणार आहोत. सोबत पुण्याहून आलेले सासू-सासरे आहेत. पायरेट नाइट आहे, नटून जेवायला जायची रात्र आहे, शिवाय मुलीला रोज राजकन्येचा झगा हवाय. एकूण सहा माणसं. बॅगा किती होतील याचीच धास्ती आहे.

आधी रात्री मोजा, मग वेष. जहाज कंपन्या कोणत्या रात्री काय आहे हे निघायच्या आधी आपल्या अॅपवर किंवा वेबसाइटवर टाकतात. ७ रात्रींत सोंग घ्यायच्या रात्री क्वचितच तीनच्या वर जातात. उरलेल्या रात्री साधी पँट-शर्ट किंवा कुर्ता चालतो. एका थीमसाठी एक वेष, तोही असा की त्यातले निदान दोन कपडे दिवसा पुन्हा घालता येतील, हे पक्कं धरलं की अर्धी बॅग रिकामी होते.

पायरेटसाठी तयार पोशाख विकत घेऊ नका. तो पातळ नायलॉनचा असतो, उघड्या डेकवर चिकटतो आणि एका रात्रीनंतर कुणी घालत नाही. आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, काळी लेगिंग किंवा जुनी पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, कमरेला लाल ओढणी, डोक्याला रुमाल, झालं. लाल ओढणी परत दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर उन्हासाठी उपयोगी. पायरेट नाइटचा मुख्य कार्यक्रम उघड्या डेकवर होतो आणि तिथे वारा जबर असतो, म्हणून टोपी असेल तर हनुवटीखाली नाडी हवी. खेळण्यातली तलवार किंवा पिस्तूल बॅगेत टाकू नका. बहुतेक कंपन्या तपासणीत ती काढून ठेवतात आणि मग टर्मिनलवर मुलाची समजूत काढत बसावं लागतं.

सासऱ्यांना हौस असेल तर त्यांना अंगरखा आणि फेटा द्या. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणत आले, आपण सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणतो. पायरेट नाइटला मराठी माणसाने त्यांच्याच वेषात जाणं यापेक्षा चोख उत्तर नाही. फक्त बांधलेला फेटा नेऊ नका, तो बॅगेत चेपतो आणि हातात धरला तर विमानात पंचाईत. पाच-सहा मीटर कापड गुंडाळी करून न्या आणि केबिनमध्ये बांधा.

नटून जायच्या रात्री गाऊन आणि टाय-सूट लागतोच असं मानू नका. साडी आणि कुर्ता-जाकीट कुठल्याही जहाजावर फॉर्मल म्हणून चालतं, आणि पुण्याहून आलेल्या माणसांकडे ते आधीच असतं.

मुलीच्या झग्याबद्दल: एकच न्या, आणि तो एक माप मोठा. जहाजावर जेवणघरात आणि नाट्यगृहात एसी गार असतो, आत टी-शर्ट आणि लेगिंग घालता आली पाहिजे. झग्याला फुलवणारी जाळी सुटी होत असेल तर सुटी करून सपाट ठेवा. चमकी झडणारा झगा टाळा. ती चमकी ७ दिवस बिछान्यात सापडते.

बाकी कपड्यांचा हिशेब माणशी असा ठेवा: दिवसाचे चार-पाच टी-शर्ट, दोन हाफ पँट, संध्याकाळचे तीन जोड, एक पातळ जाकीट, आणि पोहण्याचे कपडे दोन जोड. पोहण्याचे दोन का, तर केबिनच्या न्हाणीघरात हवा कोंदट असते, रात्री वाळत घातलेला सकाळी ओलाच मिळतो. बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालायला जहाजं मनाई करतात, शिवाय वाऱ्याने कपडा समुद्रात जातो. डिस्नीच्या जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते, त्यामुळे मुलांचे कपडे मधल्या एका दिवशी धुऊन काढलेत तर संख्या आणखी कमी होईल.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. लष्करी छापाचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे मुलांच्या बॅगेत असतील तर काढून टाका. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, सेंट लुसिया, अँटिग्वा या कॅरिबियन देशांत सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, आणि हा नियम लहान मुलांच्या हाफ पँटलाही लागू होतो. तसंच सेंट थॉमसला उतरणार असाल तर सनस्क्रीनच्या मागचं लेबल वाचा. यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या. चेहरा पांढरा दिसतो खरा, पण समुद्रावर टिकतंही तेच.

प्रश्न : मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर आमच्या भिशीतल्या बायका जाणार आहोत. एका रात्री जुन्या हिंदी सिनेमाची थीम आहे. सगळ्यांनी सिल्कच्या साड्या ठरवल्यात. इस्त्री नेऊ का? (ठाणे)

इस्त्री नेऊ नका, आणि कपड्यांना वाफ देणारं ते हातातलं यंत्रही नाही. दोन्ही तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. जहाजावर आग ही सगळ्यात मोठी भीती असते, म्हणून केबिनमध्ये तापणारी वस्तू ठेवू देत नाहीत. हा नियम जवळजवळ सगळ्या कंपन्यांचा.

आता साडी. जुन्या सिनेमाची नायिका म्हणजे सिल्क असं काही नाही. साठ-सत्तरच्या दशकाचा भास शिफॉन, जॉर्जेट आणि ठिपक्यांच्या कापडाने जास्त येतो, आणि या कापडांना चुण्या पडत नाहीत. उंच अंबाडा, मोठे गॉगल, डोक्याला बांधलेला स्कार्फ, कानात मोठे रिंग. एवढ्याने थीम उभी राहते आणि सगळं मिळून हातातल्या पिशवीत मावतं.

सिल्कच हवी असेल तर घरी निऱ्या घालून ठेवा. पदराच्या आणि पुढच्या निऱ्या पाडून त्यांवर इस्त्री फिरवा, प्रत्येक ठिकाणी प्लास्टिकची चिमटी लावा, आणि पूर्ण साडी साधारण फूटभर रुंदीच्या घडीत मलमलच्या कापडात गुंडाळा. स्टीलची टाचणी लावू नका. समुद्राच्या दमट हवेत ती गंजते आणि सिल्कवर डाग बसतो. ही घडी बॅगेत सगळ्यात वर, आडवी. तिच्यावर चपला किंवा शांपू नको.

तरीही चुण्या पडल्या तर साडी न्हाणीघराच्या दाराबाहेर टांगा, आत गरम शॉवर दहा मिनिटं चालू ठेवा, दार उघडं ठेवा, नंतर हाताने ताणून सरळ करा. जरीच्या साडीला पाण्याचा थेंब लागू देऊ नका, त्याची कड उठून दिसते. जहाजावर पैसे देऊन इस्त्री करून मिळते, पण थीम नाइटच्या दिवशी सगळ्यांना एकदमच आठवण होते. पहिल्याच दिवशी कपडे देऊन मोकळ्या व्हा.

पायात टोकदार हील नको. केबिनच्या न्हाणीघराला उंच उंबरा असतो, जिन्यांच्या कडांना धातूच्या पट्ट्या असतात, आणि जहाज हललं की टाच त्यावरून सरकते. रुंद टाचेची, दीड-दोन इंची चप्पल घ्या. किनाऱ्यासाठी रबरी फ्लोटर्स वेगळे. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच छोट्या होडीत उतरावं लागतं आणि पाणी पायाला लागतं. कोल्हापुरी तिथे घालून नेलीत तर चामडं खाऱ्या पाण्याने फुगेल. 

कागदपत्रांत सगळ्यांचं मूळ फोटो ओळखपत्र हातात असू द्या, झेरॉक्सवर भागत नाही. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. बुकिंग करतानाच तो कोण काढणार ते विचारा आणि त्यावरची नावं ओळखपत्राशी जुळतात का पाहा. भिशीत निम्म्या बायकांची माहेरची नावं अजून आधारवर असतात, घोळ तिथेच होतो. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, कायद्याने बंदी आहे.

प्रश्न : केबिनमध्ये प्लग एक-दोनच असतात असं ऐकलं. आम्ही चौघं, फोन चार, कॅमेरा, बायकोचा स्ट्रेटनर आणि वडिलांचं झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावायचं सीपॅप यंत्र. स्पाइक गार्डवाला एक्स्टेंशन बोर्ड नेतोय. (नाशिक)

तो घरीच ठेवा. स्पाइक गार्ड म्हणजे सर्ज प्रोटेक्टर, आणि हीच वस्तू जहाजावर सगळ्यात जास्त जप्त होते. कारण नुसता नियमाचा हट्ट नाही. घरात एक तार फेज आणि एक न्यूट्रल असते. बऱ्याच जहाजांवर वीज अशी वाटलेली असते की दोन्ही तारांवर जहाजाच्या सांगाड्याच्या मानाने दाब असतो. घरच्या मांडणीसाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर एकच तार तोडतो, दुसरी जिवंत राहते, आतला भाग तापत राहतो आणि पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ साली यावर खास सूचना काढली होती.

त्याऐवजी चार-पाच यूएसबी तोंडांचा एकच चार्जर न्या, त्याच्या पाठीवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असलं पाहिजे. बहुतेक जहाजांवर अमेरिकन चपट्या पिनांचं ११० व्होल्टचं आणि युरोपियन गोल पिनांचं २२० व्होल्टचं अशी दोन्ही सॉकेट असतात. आपल्या फोनच्या बारीक दोन पिना युरोपियन सॉकेटात बसतात. जाड तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही, आपली पिन ५ मिलिमीटरच्या जराशी वर असते आणि तिथलं भोक तेवढं नसतं. अॅडॉप्टर लागेलच.

स्ट्रेटनरवर फक्त २२०-२४० व्होल्ट असं छापलेलं असेल आणि तो ११० मध्ये लावला तर कोमट होऊन बसेल. शिवाय काही कंपन्या स्ट्रेटनर चालवून घेतात, काही नाही. बंदी असलेल्या वस्तूंची यादी बुकिंगच्या कागदांत असते, ती वाचल्याशिवाय पॅक करू नका. पॉवर बँक विमानाच्या हातातल्या सामानातच. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तास भरते, मर्यादा १०० ची आहे, म्हणजे चिंता नाही.

सीपॅपचं मात्र आधी कळवा, निदान दोन-तीन आठवडे. लांब तार आणि डिस्टिल्ड वॉटर दोन्ही जहाजावर मागणी केल्यास मिळतं. यंत्र वडिलांच्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नको.

प्रश्न : सोबत घरचे बेसनाचे लाडू, चिवडा, चहासाठी इलेक्ट्रिक किटली आणि रोजच्या पूजेचं निरांजन नेता येईल का? (सोलापूर)

किटली आणि निरांजन नाही, अगरबत्ती-कापूरही नाही. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा न्या. डब्यातले घरचे लाडू दारातच परत जाण्याची शक्यता जास्त, कारण घरी शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या घेऊ देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटं बऱ्याच ठिकाणी चालतात, म्हणून चिवडा विकतचा घ्या आणि पाकीट फोडू नका. लोणच्याची छोटी पाकिटं घ्या, सातव्या दिवशी त्यांची किंमत कळते. परदेशी बंदरात उतरताना जेवणघरातलं केळं-सफरचंद खिशात टाकून बाहेर नेऊ नका. शेतमालाच्या नियमांवरून दंड होतो. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं असेल तर बुकिंग करताना सांगा, चढल्यावर सांगून उपयोग थोडा.

प्रश्न : केबिनच्या दाराला थीमप्रमाणे सजावट करतात म्हणे. सेलोटेप चालेल? (डोंबिवली)

नाही. दार आणि बऱ्याच जहाजांवर भिंतीही लोखंडी असतात, म्हणून सजावट चुंबकाने लावायची. चिकटपट्टीने रंग निघाला तर भरपाई तुमच्या खात्यावर लागते. लोहचुंबकाचे चार-सहा हुक नक्की न्या. सजावट नसली तरी टोप्या, ओले टॉवेल, मुलांचे मुखवटे टांगायला जागा होते. विजेच्या माळा नकोत.

डिस्नीच्या बऱ्याच जहाजांवर केबिनबाहेर माशाच्या आकाराचा हुक असतो आणि प्रवासी आपसांत ठरवून त्यावर कप्प्यांची कापडी पिशवी टांगतात, एकमेकांच्या कप्प्यात छोट्या भेटी टाकतात. यात भाग घेणार असाल तर आपल्या गटात किती केबिन आहेत ते आधी कळतं, तेवढ्याच भेटी. वारली चित्राचे बुकमार्क किंवा छोटे चुंबक चांगले: सपाट, हलके, आणि कुणाकडे तेच निघण्याची भीती नाही.

प्रश्न : मी टोरंटोत शिकतो. मायामीहून निघणाऱ्या हेवी मेटल क्रूझचं तिकीट मिळालंय. कपडे काळेच असतील, आणखी काय?

२०११ पासून चालू असलेल्या '७०००० टन्स ऑफ मेटल'सारख्या क्रूझवर दिवस-रात्र वेगवेगळ्या मंचांवर कार्यक्रम चालतात, स्विमिंग पूलच्या डेकवरही. तिथे सगळ्यात आधी कानात घालायचे इअरप्लग लागतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. स्पंजचे प्लग सगळंच दाबतात आणि गाणं चिखलासारखं ऐकू येतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्या, शिवाय स्पंजचे दोन जोड झोपायला, कारण तुमच्या केबिनखाली काय चालू असेल सांगता येत नाही.

नकली काडतुसांचा पट्टा घरी ठेवा, विमानतळावरच अडेल. लांब खिळ्यांचे मनगटी पट्टेही बहुधा जहाजावर चढू देणार नाहीत. जाड बूट विमानात पायात घालून जा, बॅगेतलं दीड-दोन किलो वाचतं. पण पूल-डेकसाठी घसरणार नाही अशी सँडल हवीच. काळे टी-शर्ट तीनच न्या. तिथे आणखी चार विकत घेणार आहातच.

जहाजाने किनारा सोडला की फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रावर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि त्याचे दर साध्या रोमिंगपेक्षा खूप जास्त असतात.

प्रश्न : मला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात असं कळलं. औषधं कुठे ठेवू? (नागपूर)

मोठी बॅग टर्मिनलवर हमालाकडे जाते आणि केबिनच्या दारात यायला संध्याकाळही होऊ शकते. तोवर तुमच्याजवळ फक्त हातातली बॅग. तिच्यात पासपोर्ट किंवा ओळखपत्र, सगळी औषधं, चष्मा, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि पहिल्याच रात्री थीम असेल तर तो वेषही ठेवा. बॅगेचा टॅग घरीच छापून, चिकटपट्टीने पूर्ण झाकून लावा; कागदी टॅग ओला झाला की फाटतो आणि बॅग दुसऱ्याच केबिनला जाते.

इन्सुलिन केबिनमधल्या छोट्या फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका. बऱ्याच जहाजांवर तो नुसता गारवा देणारा मिनीबार असतो, तापमान औषधाला लागतं तेवढं उतरेलच असं नाही. औषधासाठी वेगळा फ्रिज मिळतो, बुकिंगनंतर लगेच मागा. वापरलेल्या सुयांसाठी डबाही त्याच वेळी सांगा. औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस जास्तीची, मूळ पाकिटांत, आणि चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपले ब्रँड परदेशी डॉक्टरला ओळखता येत नाहीत. जहाज लागत असेल तर त्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणा आणि हेलकावे सुरू व्हायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने झोप येते, त्यामुळे त्यावर मद्य नको.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पुन्हा दाराबाहेर ठेवायच्या असतात, साधारण अकराच्या आत, आणि त्या थेट बंदरावर भेटतात. तेव्हा उत्साहाने सगळंच भरून टाकणारे लोक दर फेरीत असतात. मग सकाळी पायरेटच्या वेषात किंवा नाइट ड्रेसवर कस्टम्सच्या रांगेत उभे दिसतात. दुसऱ्या दिवशीचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसकट आणि बुटांसकट, खुर्चीवर काढून ठेवा, मगच बॅगेची चेन लावा. सकाळच्या डोसचं इन्सुलिन फ्रिजमधून काढायला विसरू नये म्हणून केबिनचं कार्ड रात्री त्याच फ्रिजमध्ये ठेवा. कार्डाशिवाय जहाजावरून खाली उतरू देत नाहीत.